आईकडून आलेलं

४ मार्च

प्रिय चिमे,

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला आता नुसती खरखर ऐकू येते आणि मी भलत्याच प्रश्नाला हो हो म्हणत बसते. मागच्या वेळी तू "बरी आहेस का" असं विचारलंस आणि मी "दोन मीटर पुरे" म्हणाले, असं टिटवीने सांगितलं. अजून हसते ती त्यावर. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आज लिहितेय ते तिच्याबद्दलच. तुझी भाची आळशी झालीय. आठवीतली पोर, पण शाळेचा जिना चढताना मधेच पायरीवर बसते. खेळाच्या बाईंनी बोलावून घेतलं मला, म्हणाल्या, मुलगी कामचुकार आहे, पळायचं नाव काढलं की तिचे पाय दुखतात. मी घरी येऊन खूप बोलले तिला. जन्मल्यापासून जिच्या आवाजाने शेजारी हैराण, म्हणून जिचं नाव टिटवी पडलं, ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाही गं बसत. पाय संपतात."

पाय संपतात म्हणजे काय? खाते तर व्यवस्थित. तुझ्या भाऊजींनी विजेच्या खांबांवर आयुष्य काढलंय, त्यांचं आपलं एकच, "खांबापर्यंत सप्लाय नीट आहे आणि घरात दिवा मिणमिणतोय. बिघाड आत आहे." मला वाटतं लाडाने बिघडलीय. तू पानं-झाडं का होईना, पण जिवंत वस्तूंचंच बघतेस. तू सांग, शरीरात आळस नावाचं काही असतं का?

लाँड्रीच्या मागच्या खोलीत शिवणकाम बरं चाललंय. सगळ्या गावाच्या पँटी एकदम लांब झाल्यात बहुतेक.

तुझी ताई

१३ मार्च

ताई,

आधी माझी बातमी, नाहीतर पत्र पुरं होईपर्यंत धीर निघणार नाही. मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरलाय. इतक्या वर्षांनी आणि आशा सोडल्यावर. आमचा पूलवाला नवरा घरभर फिरून टेबलांचे कोपरे तपासतोय. मूल अजून लिंबाएवढंही नाही, ते टेबलाला कुठून धडकणार?

आता टिटवी. तिला आळशी म्हणू नकोस. तुझ्या शिलाई मशीनचंच उदाहरण देते. मोठं रीळ वर असतं, पण खालचा टाका त्या रिळावरून पडत नाही. दोरा आधी बॉबिनवर भरून घ्यावा लागतो. अन्नाचं तसंच आहे. आपण खातो ते रीळ. पेशीला ते थेट वापरता येत नाही. प्रत्येक पेशीत बारीक कण असतात, शाळेत "तंतुकणिका" म्हणून आपण घोकले होते ते. ते अन्नातली साखर श्वासातल्या प्राणवायूबरोबर सावकाश जाळतात आणि बॉबिन भरून देतात. बोट हलवायचं, बघायचं, विचार करायचा, सगळं त्या भरलेल्या बॉबिनवर. संपली की परत भरायची, जन्मभर.

झाडांकडे जादा सोय एवढीच की त्यांचं रीळही घरचंच. पानातले हिरवे कण उजेड पकडून साखर तयार करतात. लोकांना वाटतं की झाड नुसत्या उजेडावर चालतं. पण साखर जाळायला झाडाकडेही तंतुकणिकाच असतात, अगदी आपल्यासारख्या. मी काचघरात दिवसभर तेच मोजते. पान छोट्या डबीत चिमटीने धरायचं, वर काळं कापड टाकायचं आणि ते किती श्वास सोडतंय ते यंत्रावर बघायचं. अंधारात ते आणि आपण सारखेच.

तेव्हा तिचे पाय "संपत" असतील तर काहीतरी खरंच संपत असेल. बहुधा रक्त कमी असेल, या वयात मुलींना होतं. तपासून घे.

तुझी चिमी

२ एप्रिल

प्रिय चिमे,

तुझं पत्र मी कामाच्या खोलीत मोठ्याने वाचलं आणि लाँड्रीवाल्या काकू इस्त्री तशीच ठेवून नाचल्या. एक उशीचा अभ्रा त्यात गेला. झबली मी शिवणार, दुकानातली आणायची नाहीत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवणार, म्हणजे आत टोचणार नाही.

टिटवीचं रक्त चांगलं निघालं. पण गेल्या आठवड्यात तिचं डोकं इतकं दुखलं की ती भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी उठली, जेवायला बसली. ताटात अंडं आणि भात होता. तिने उजवीकडचा भात खाल्ला, ताट पुढे सारलं आणि म्हणाली, "अजून वाढ ना." मी म्हटलं, "अगं, अर्धं ताट तसंच आहे." ती म्हणाली, "कुठे?" अंडं डावीकडे होतं. तिला दिसतच नव्हतं. ह्यांनी ताट हळूच गोल फिरवलं, तेव्हा म्हणाली, "अरे, अंडं होतं की."

मोठ्या दवाखान्यात ठेवलंय तिला. नजर थोडी परत आलीय. मांडीतून स्नायूचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तू काळजी करू नकोस, या दिवसांत बरं नाही ते.

ताई

८ एप्रिल

ताई,

अर्ध्या ताटाचं वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये. मी उद्याच निघाले असते, पण मला थोडं रक्त गेलं, आता बरं आहे, फक्त डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय.

स्नायूचा अहवाल आला की त्यातला शब्द न् शब्द मला लिहून पाठव. आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल किती आहे तेही विचार. काही गाळू नकोस. कळलं नाही तरी जसंच्या तसं उतरव.

टिटवीला सांग, तिच्या मावशीच्या काचघरात एका पानाला तिचं नाव दिलंय. खूप आवाज करतं म्हणून नाही, तर चिमटीत धरलं की नेमकं निसटतं म्हणून.

चिमी

९ मे

प्रिय चिमे,

उशीर झाला. कामं साठली होती.

अहवाल आलाय. मोठमोठे शब्द आहेत, उतरवत बसत नाही. सारांश एवढाच, तू लिहिले होतेस ते कण अशक्त आहेत. साखर आत येते, पण नीट जळत नाही आणि अर्धवट जळून आंबते. डॉक्टर म्हणाले, असं कुणालाही होऊ शकतं, नशिबाची गोष्ट. तेव्हा तू त्यात डोकं घालू नकोस.

औषध नाही. काही व्हिटॅमिनं दिलीत, तीही लागू पडतील असं नाही. तिने उपाशी राहायचं नाही, धावपळ करायची नाही, ताप येऊ द्यायचा नाही. ताप कसा येऊ द्यायचा नाही ते मात्र कुणी सांगितलं नाही. हे रोज दवाखान्यातून आले की मीटरची पेटी उघडून बघतात आणि बंद करतात. काय बघतात, विचारलं तर म्हणतात, "काही नाही."

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. तोंड माझ्यासमोर आणून सावकाश बोलतात, म्हणजे मला ओठांवरून कळतं. माझ्या कानांचं कधीपासून असं झालं ते विचारत होत्या. आईलाही शेवटी ऐकू येत नव्हतं का, तिला साखरेचा आजार होता का, हेही. सगळं लिहून घेतलं. इतक्या आपुलकीने कोण विचारतं आजकाल.

टिटवीने तुला विचारायला सांगितलंय की माणसाला पानातले हिरवे कण बसवता येतात का. म्हणजे ती गच्चीत नुसती उन्हात पडून राहील, जेवायचा त्रास नको.

झबली तयार होतायत.

ताई

१६ मे

ताई,

आधी टिटवीचं उत्तर. तिला सांग, बसवता आले असते तरी उपयोग झाला नसता. हिरवे कण साखर तयार करतात आणि साखर तिच्याकडे भरपूर आहे. अडलंय ते ती जाळण्यापाशी. ज्या झाडाच्या तंतुकणिका बिघडतात ते भर उन्हात, चांगल्या मातीत, पाणी मिळूनही वाढत नाही. हे खरं आहे, पण असं सांगू नकोस. सांग की मावशी विचार करतेय.

आता तुझं. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या कानांचं आपुलकीने विचारलं नाही. हे त्यांनी तुला समजावलं असणार आणि तू माझ्यापासून लपवलंस, हे मला तुझ्या पत्रातल्या "कुणालाही होऊ शकतं" वरून कळलं. तू कधी अशी वाक्यं लिहीत नाहीस.

हे कण बापाकडून येत नाहीत. फक्त आईकडून येतात, तिच्या बीजातून, जसेच्या तसे. आईचे तुझ्यात आले, तुझे टिटवीत. आईचेच माझ्यात आले. आणि माझे पुढे.

मी अर्ध्या ताटाच्या दिवसापासून ओळखून होते. आईचे कान, आईची साखर, तुझे कान, हे सगळं एकाच रांगेत उभं राहिलं. तुला विचारायच्या आधीच मी रक्त तपासायला दिलं होतं. म्हणजे मीही लपवलंच. निकाल काल आला. माझ्यातही तोच दोष आहे. थोड्या कणांत आहे, म्हणून मी धडधाकट.

मुलात किती उतरेल, ते कुणी सांगू शकत नाही. चांगले आणि बिघडलेले कण एकत्र असतात आणि बीज तयार होताना ज्याच्या वाट्याला जेवढे येतील तेवढे. गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासता येतं, पण एका पेशीतलं प्रमाण दुसऱ्या पेशीत असेलच असं नाही. पूलवाला दिवसभर पुलावर किती वजन चालेल याचा हिशेब करतो. त्याने डॉक्टरांना विचारलं, "किती टक्के?" ते म्हणाले, "शून्यापासून शंभरपर्यंत काहीही."

यापुढे एकमेकींपासून काही लपवायचं नाही. कबूल?

चिमी

३० मे

चिमे,

कबूल.

तुझं पत्र वाचून मी झबली कपाटात टाकली आणि दार लावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बहिणीला कळवा. मी ठरवलं, नाही कळवायचं. तुला इतक्या वर्षांनी हा दिवस दिसला आणि मी काय सांगू, की आपल्या आईने आपल्याला हे दिलंय? तिने बिचारीने काय, तिला "साखर" एवढा एकच शब्द ठाऊक होता. तिच्यावर रागावताही येत नाही. देवाणघेवाण झाली आणि कुणालाच पत्ता नाही.

खरं लिहायचं ठरलंय तर हेही लिहिते. एका दुपारी असं वाटलं की तुझ्या मुलाला नाही झालं तर मला ते बघवणार नाही. लगेच उठून मशीनवर बसले. पण वाटलं होतं.

टिटवीला कळलंय. मला ऐकू येत नाही म्हणून डॉक्टर मोठ्याने बोलतात, ती पडद्यामागेच होती. संध्याकाळी म्हणाली, "आई, हे तू मला दिलंस?"

मी म्हटलं, "हो."

"तुला कुणी दिलं?"

"आजीने."

"आणि तिला?"

"तिच्या आईने असेल."

ती म्हणाली, "म्हणजे कुणालाच परत करता येणार नाही." मग मला उशी नीट करायला सांगितली.

परवा पुन्हा झटका आला. आता उजव्या हाताने पेन धरवत नाही आणि शब्द सापडत नाहीत. चमच्याला "ते हलवायचं" म्हणते. हे शेजारी बसून तिला गावातल्या सगळ्या विजेच्या डीपींमधली कुठली वायर कुठे जाते ते सांगत असतात. तिला कळतं की नाही कोण जाणे, पण ऐकते.

ताई

२१ जून

ताई,

तुला जे वाटलं ते मला उलट्या बाजूने वाटून गेलंय, ते आता लिहीत नाही. समज.

आम्ही मूल ठेवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे दोघं रोज एकमेकांना विचारत राहिलो, दोघांपैकी कुणालाच "नको" म्हणता आलं नाही आणि दिवस पुढे गेले. आता लाथा मारतं. प्रत्येक लाथेला पूलवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. जोरात होती का? कालच्यापेक्षा हळू का? शेवटी मी त्याला सांगितलं, पोटावर हात ठेवायचा तर ठेव, मोजमाप घेऊ नकोस. त्याने हात काढून घेतला. मग मलाच वाईट वाटलं.

कामाला जाते. वीस वर्षं मी या कणांच्या मागे आहे. साखर कुठे तुटते, कुठून कुठे जाते, सगळी साखळी मी डोळे मिटून काढून दाखवीन. काल नवीन मुलींना शिकवत होते. फळ्यावर अर्धी साखळी काढून झाली आणि पुढचा बाण मला काढवेना. त्या मुलींना वाटलं, बाईंना भोवळ आली. पाणी आणून दिलं. मी खुर्चीत बसून तो अर्धा फळा बघत राहिले. एवढं माहीत असून मी तुला चमचाभर औषधही पाठवू शकत नाही.

टिटवीच्या हाताला धरून तिला दोन ओळी लिहायला लाव. वेडीवाकडी चालतील.

चिमी

१९ ऑगस्ट

चिमे,

लपवायचं नाही असं ठरलंय, म्हणून लिहितेय. हे नको म्हणत होते. "तिचे दिवस भरत आलेत, महिनाभर थांब," म्हणाले. पण मी थांबले तर तू टिटवीला पत्रं लिहीत राहशील आणि ती मला उघडावी लागतील.

टिटवी गेली. मंगळवारी सकाळी.

साधी सर्दी होती. लाँड्रीतल्या सगळ्यांना झाली, मलाही झाली. तिला ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापात शरीराला दुप्पट ताकद लागते आणि तिच्याकडे तेवढी भरून येत नाही. सलाइनमधून साखर चालू होती. मी ती बाटली बघत बसले होते. थेंब थेंब आत जात होता, आणि मला तुझं पत्र आठवत होतं, की रीळ आहे पण बॉबिन भरणारं कुणी नाही. मी त्यांना विचारलं, माझ्यातले कण तिला देता येतील का, माझे तिच्यापेक्षा बरे आहेत, रक्त घ्या, काहीही घ्या. त्यांनी माझ्यासमोर तोंड आणून सावकाश सांगितलं, "ताई, ते असं देता येत नाही." म्हणजे नको होतं तेव्हा दिलं, आणि द्यायचं होतं तेव्हा देता आलं नाही.

शेवटी ती दमलेली होती, दुसरं काही नाही. त्रास नव्हता असं म्हणतात. श्वास लांब लांब झाला. हे तिला वायरींचं सांगत होते ते थांबलेच नाहीत, नर्सने खांद्यावर हात ठेवला तरी.

डॉक्टरांनी अभ्यासासाठी पुन्हा एक तुकडा मागितला. हे उठून बाहेर गेले. मी सही केली. कशाला केली ते त्या वेळी माहीत नव्हतं. आता वाटतं, तुझ्या पोटात आहे त्याच्यासाठी केली.

रडू नकोस असं लिहिणार नाही. जेवत राहा.

ताई

३० सप्टेंबर

ताई,

मुलगी झाली. पंचवीस तारखेला. रडली लगेच, मोठ्याने. वजन चांगलं आहे. पूलवाल्याने तिला इतकं अवघडून धरलं की सुईणीने तिला परत घेतलं.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पाच-सहा वेळा सुरुवात केली. "ताई" लिहायचे आणि पुढे काही नाही. मी तिथे नव्हते. तिचं पान गळून गेलंय, नवीन आलंय त्याला मी नाव दिलेलं नाही.

डॉक्टर विचारतायत, मुलीचं तपासायचं का. आत्ता रक्तावरून अंदाज येतो, पक्कं नाही. पूलवाला म्हणतो, कळलेलं बरं, निदान तयारी करता येईल. मी विचारते, कसली तयारी? तरी तो तेच म्हणतो आणि त्याचंही चूक नाही. तू सांग. तू सांगशील ते मी करीन.

चिमी

८ ऑक्टोबर

चिमे,

मला विचारतेस. मला आधी कळलं असतं तर काय केलं असतं, याचाच विचार मी करते बसल्या बसल्या. टिटवीला कधी रागावले नसते, हे खरं. पण रोज सकाळी तिच्याकडे आज किती उरलीय अशा नजरेने बघितलं असतं, तेही खरं. आठवीपर्यंत ती माझी नुसती मुलगी होती, आजारी मुलगी नव्हती. ती वर्षं कुणी मागितली तर मी देणार नाही. पण हे माझं झालं. तुझं मला सांगता येत नाही. तू शिकलेली आहेस म्हणून तुला कळेल असं नाही आणि मी भोगलंय म्हणून मला कळेल असंही नाही.

शनिवारी येतेय. हे मागून येतील. झबली आणतेय. कपाटातून काढून धुतली, दोन वेळा.

तिला घेता येईल का मला, माहीत नाही. घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.

ताई

१४ नोव्हेंबर

ताई,

तू गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. पहिले दोन दिवस तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीहून आले तर ती तुझ्या मांडीवर होती आणि तू तिच्या बाहीची शिवण उसवून पुन्हा घालत होतीस, तिच्या अंगावरच. "हात लांब आहेत मेलीचे," म्हणालीस. तेव्हा पूलवाला स्वयंपाकघरात जाऊन रडला. तुला ऐकू आलं नाही, म्हणून सांगते.

काल डॉक्टरांकडे गेलो. तपासायचं नाही असं मी सांगितलं. पूलवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही "नको" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, काही दिसलं तर आणा. बाहेर आल्यावर दोघांनाही वाटलं की चूक केली. परत आत जाऊन हो म्हटलं असतं तर तेही चूकच वाटलं असतं. उद्या कदाचित जाऊसुद्धा.

वजन वाढलंय. नजर फिरवते. एवढंच ठाऊक आहे.

आत्ता लिहितेय तेव्हा ती माझ्याजवळ आहे, दूध ओढतेय. घशातून खाली उतरताना दिसतं. तिथपर्यंत मी आहे. पुढचं तिच्या आत चाललंय, आणि तिथे माझा हात पोहोचत नाही.

तुझी चिमी